हिरव्या फायलीतला सत्तेचाळीस नंबर

गुरुवार, १६ जानेवारी २०२५

संक्रांत उलटली, आता लग्नाची माणसं घराबाहेर पडतील. आज सकाळपासून चार फॉर्म आले. माझ्या वधू-वर केंद्राला यंदा एकवीस वर्षं पुरी होतील, तेही याच बाहेरच्या खोलीत. समृद्धी, म्हणजे माझी सूनबाई, म्हणते की आता सगळं मोबाईलवर असतं, फायली कोण चाळत बसतं? रविवारी दहा ते एक दारात उभी राहून बघ म्हणावं, चपला ठेवायला जागा नसते. पांढरी फाईल पहिल्या लग्नाची, हिरवी दुसऱ्या लग्नाची. लोक चाळतात, रजिस्टरात सही करून आवडलेल्या स्थळाचा नंबर लिहितात, आणि मग मी फोनाफोनी करते. घटस्फोटाचा कागद पाहिल्याशिवाय हिरव्या फायलीत कोणाला घेत नाही. असा चोख कारभार आख्ख्या पनवेलमध्ये दुसरा दाखवा.

दुपारी नेरे गावच्या गुणाबाई आल्या. त्यांच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न परेश घरतशी मीच जुळवलं होतं, नऊ वर्षांपूर्वी. नोव्हेंबरात त्या दोघांचा घटस्फोट झाला. माझ्या एकशे बेचाळीस लग्नांतलं हे मोडलेलं पाचवं, त्यामुळे गुणाबाईंना दारात बघून मलाच कानकोंडं झालं. पण त्या भांडायला आल्या नव्हत्या, भाविकाचा दुसऱ्या लग्नाचा फॉर्म भरायला आल्या होत्या. भाविकाला अजून सांगितलेलं नाही, आणि मुलाला, अनंताला, तर कळूच द्यायचं नाही. बहिणीचं दुसरं लग्न म्हटलं की तो ताट भिरकावतो म्हणे.

भाविका आता कळंबोलीला भाड्याच्या खोलीत राहते, सोबत तिची सात वर्षांची मुलगी, पूर्वी. नोकरी बदलली, फोन नंबर बदलला. गुणाबाई म्हणाल्या, परेशने तिच्याजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम आहे, पण तो नेऱ्याला दोनदा येऊन तमाशा करून गेला. म्हणून पत्ता लिहायला नको. मी म्हटलं, गुणाबाई, ताकाला जाऊन भांडं लपवून कसं चालेल? राहता पत्ता नसला की लोकांना वाटतं काहीतरी काळंबेरं आहे. अर्धवट फॉर्म मी घेत नाही, आणि फाईल काही रस्त्यावर पडलेली नसते, नाव नोंदवलेल्यांनाच बघायला मिळते. शेवटी त्या तयार झाल्या. त्यांना लिहिणं जड जातं, तेव्हा सगळं मीच लिहिलं. भेटण्याची वेळ विचारली तर म्हणाल्या, शनिवारी दुपारी बारा ते तीन. त्या वेळी पूर्वी नाचाच्या क्लासला असते, भाविका घरी एकटीच असते, निवांत बोलता येईल. तेही लिहिलं. फोटो तिच्या ऑफिसच्या ओळखपत्राचा, किंचित हसरा. नंबर दिला सत्तेचाळीस.

कोर्टात वकील काय वाट्टेल ते लिहून घेतात. नवराबायकोत एका हाताने टाळी वाजत नाही, हे माझं एकवीस वर्षांचं मत आहे. चार-पाच वर्षांपूर्वी भाविकाचा मला एकदा फोन आला होता, परेश हात उचलतो म्हणून. मी तासभर समजावलं. संसारात एकाने तापलं की दुसऱ्याने निवायचं असतं, असं सांगितलं. त्यानंतर तिचा पुन्हा फोन आला नाही. मी समजावलं म्हणून इतकी वर्षं तरी टिकलं, असं मला मनातून वाटतं.

रविवार, २६ जानेवारी

गर्दी. नंबर एकतीस आणि नंबर बारा यांची भेट ठरली, दोघंही चाळिशी पार. हिरव्या फायलीतली लग्नं जुळली की मला पांढरीपेक्षा जास्त आनंद होतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज कोण यावं? परेश घरत. हातात हा एवढा जिताडा मासा, केळीच्या पानात गुंडाळलेला. आमच्या रायगडात जिताडा दिल्याशिवाय सरकारी फाईल हलत नाही असं लोक थट्टेने म्हणतात. मी म्हटलं, अरे, माझी कसली फाईल हलवायची आहे तुला? तो हसला, वाकून पाया पडला. केस बारीक कापलेले, शर्ट इस्त्रीचा. बोलणं इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

म्हणाला, "काकू, पयलं तुमीच जुळवलं व्हतं. आता पुढचंपन तुमीच बघा."

मला भरून आलं. संसार मोडल्यावर मध्यस्थाला शिव्या देणारे पुष्कळ पाहिलेत, पुन्हा विश्वासाने येणारा हा पहिलाच. घटस्फोटाच्या कागदाची प्रत त्याने न मागता पुढे केली. फॉर्म घोटीव अक्षरात भरला. अपेक्षांचा रकाना मात्र कोरा. मी म्हटलं, काहीतरी लिही, तर म्हणाला, तुमीच लिवा. मी लिहिलं, समजूतदार.

जाता जाता विचारलं, तिचंपन तुमच्याकडंच बघताय का? मी म्हटलं, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमचा नियम आहे, आणि विषय बदलला. गुपित राखणं मला चांगलं जमतं. पुढच्या रविवारी फाईल बघायला ये म्हणून सांगितलं.

जेवताना समृद्धीला हे सांगितलं तर तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, आई, भाविकाचा फॉर्म आजच्या आज फायलीतून काढा. पराचा कावळा करायची तिला सवयच आहे. बँकेत बसते म्हणून प्रत्येक माणूस तिला खोट्या सहीचा वाटतो. माणूस सुधारतो यावर तिचा विश्वास नाही, माझा आहे. तरी म्हटलं, बरं बाई, शनिवारी फायली लावायला बसेन तेव्हा काढून ठेवीन. उगाच घरात वाद नको.

जिताड्याचं कालवण फक्कड झालं होतं. अर्ध्या तुकड्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आपटा गावात हळदीचा कार्यक्रम. मी जुळवलेलंच लग्न, म्हणून गाडी पाठवली होती. आगरी हळद म्हणजे लग्नापेक्षा थाट मोठा. मांडवात नवरदेवाच्या आईने सगळ्यांसमोर मला बसवून मानाची साडी दिली, मोरपंखी रंगाची. अशा दिवशी वाटतं, आपण जन्माला येऊन काहीतरी केलं. घरी येईपर्यंत पाय भरून आले. फायली लावायच्या राहिल्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज चाळीसेक माणसं. चहा तीनदा टाकला. कालच्या साडीची हकिकत सगळ्यांना ऐकवून झाली.

परेश साडेदहाला आला. मी उरणच्या एका आईशी बोलत होते, त्याला हातानेच कपाट दाखवलं. हिरवी फाईल घेऊन खिडकीशी बसला. इतर लोक पानं फडाफड उलटतात, हा एकेका पानावर बोट ठेवून वाचत होता. पंधरा मिनिटांत उठला, पाया पडला आणि गेला. नंतर रजिस्टर पाहिलं तर त्याने एकच नंबर लिहिलाय, सत्तेचाळीस. लोक आपले सात-आठ नंबर टाकून ठेवतात. एकावरच मन ठरलं हे चांगलं लक्षण. कोणाचं स्थळ ते उद्या बघून फोन करते. आज डोकं चालत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुडघा सुजलाय. फोनाफोनीची कामं साठून राहिली आहेत. शनिवारी बसेन.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर काय करू ते कळत नाही, म्हणून लिहिते.

पाच वाजता समृद्धी फोन हातात धरून माझ्यासमोर आली. मी म्हटलं, काय झालं, नितीन बरा आहे ना? माझा मुलगा बोटीवर असतो, मला पहिलं तेच वाटलं. तिने मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला. कळंबोलीत घटस्फोटित पत्नीची राहत्या खोलीत हत्या, नंतर पतीने स्वतःलाही संपवलं. खाली दोघांची नावं.

मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही नावं तीच होती.

दुपारी साडेबाराला तो आला. शेजारणीने बेल ऐकली, आणि भाविका दार उघडताना "कोण" म्हणालेली ऐकली. मग आरडाओरडा. दार तोडेपर्यंत दोघंही गेलेली. पूर्वी क्लासला होती. क्लासच्या बाईंनी तिला सहा वाजेपर्यंत बसवून ठेवलं, कारण घ्यायला कोणी येईना.

नऊ वर्षांपूर्वी त्या दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकताना मी पुढच्या रांगेत होते. ती माझ्याकडे बघून लाजली होती. आता ती नाही. तोही नाही. माझं डोकं पुढे जातच नाही. दर दहा मिनिटांनी मी समृद्धीला विचारते, त्याला पत्ता कसा मिळाला असेल गं? आत्ता उठून तिने फ्रीजर उघडला आणि जिताड्याचा डबा बाहेर नेऊन टाकला. मला विचारलंही नाही.



रविवार, २३ फेब्रुवारी

केंद्र बंद. दाराला पाटी लावली, तरी लोक बेल वाजवत होते.

सकाळी आंघोळीच्याही आधी रजिस्टर काढलं. सोळा तारीख. परेश घरत, त्याच्यापुढे सत्तेचाळीस. मग हिरवी फाईल काढली. उघडायला किती वेळ लावला ते सांगता येणार नाही. पान जिथल्या तिथे होतं, त्याने फाडलंबिडलं काही नाही. भाविकाचा किंचित हसरा फोटो. खाली इमारतीचं नाव, मजला, खोली नंबर, आणि भेटण्याची वेळ, शनिवार दुपारी बारा ते तीन, भाविका घरी एकटी असते. सगळं माझ्या अक्षरात. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

त्याने काही लपवलं नव्हतं. माझ्याच रजिस्टरात, माझ्याच पद्धतीने, त्याने लिहून ठेवलं होतं की मी हिच्याकडे जाणार आहे. आणि मी त्याला चांगलं लक्षण म्हटलं. या डायरीतलं सोळा तारखेचं पान मी पुन्हा वाचलं. ते मीच लिहिलं आहे यावर विश्वास बसत नाही.

खरं तेच लिहायचं तर, मी ती दोन पानं फाडायला घेतली होती. फायलीतलं आणि रजिस्टरातलं, दोन्ही. कोणाला कळलं असतं? दोन्ही माणसं तर गेली. बोटांत कागद धरला होता, तेवढ्यात समृद्धी चहा घेऊन आली. तिने पान बघितलं, माझी बोटं बघितली. "मी सांगितलं होतं" हे ती म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं. तिने कप ठेवला आणि माझ्याशेजारी बसून राहिली. मी हात काढून घेतला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नेऱ्याला गेले. समृद्धीने सुट्टी घेतली, म्हणाली एकट्या जाऊ नका. रस्ताभर ठरवत होते की पोचल्या पोचल्या सांगून टाकायचं.

अंगणात बायका बसलेल्या. पूर्वी आतल्या दाराला टेकून उभी, शाळेचा गणवेश अंगावर. बहुधा दुसरे कपडे त्या खोलीतच अडकले असावेत. गुणाबाई कोणाकडे न बघता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. दर गुरुवारी त्या शेतातली भाजी घेऊन रिक्षाने भाविकाकडे जात. मागच्या गुरुवारीही गेल्या, वाल घेऊन. तेव्हाच परेश त्यांच्या मागे लागला असणार.

माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, मीच त्याला वाट दावली. मागं वलून एकदा बगलं नाय मी."

बायका म्हणाल्या, असं बोलू नका. अनंता खाटेवर बसला होता, तो म्हणाला, "सांगत व्हतो, जाऊ नको सारकी सारकी." सगळं अंगण ऐकत होतं. गुणाबाईंनी मान खाली घातली.

मी तिथे होते. फॉर्मचं अनंताला माहीत नाही, सांगितलं तर तो आईला काय म्हणेल, अशी एक सबबही मला लगेच सापडली. मी गुणाबाईंचा हात थोपटला आणि म्हटलं, शांत व्हा. एवढंच. शांत व्हा, म्हणजे मी भाविकाला फोनवर सांगितलं होतं तेच.

परतताना पनवेल आल्यावर समृद्धी म्हणाली, आई, त्या म्हातारीने काल रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात गेले. रजिस्टर आणि फाईल पिशवीत घालून नेली. साहेब तरुण होते, बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, जिताड्यासकट. त्यांनी पानांचे फोटो काढले, जबाब लिहून घेतला, माझी सही घेतली. म्हणाले, आरोपीच जिवंत नाही, तेव्हा कोणावर केस चालणार? तुम्ही काही जाणूनबुजून दिलं नाही, मनाला लावून घेऊ नका.

मला वाटलं होतं बाहेर पडल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. कोणीतरी रागावेल म्हणून मी गेले होते आणि त्यांनी मला चहा पाजला. घरी आल्यावर मी भाविकाचं तेव्हाचं बोलणं आठवत बसले. पाच वर्षांपूर्वी फोनवर ती पहिलं वाक्य काय म्हणाली होती ते मला आठवेना, माझीच सगळी वाक्यं आठवत होती. खूप वेळाने एवढं आठवलं की मी तासभर बोलले होते, आणि ती शेवटी म्हणाली होती, बरं काकू.

सोमवार, ३ मार्च

आज दहावा. नदीवरचे विधी आटोपून मंडळी घरी आली तेव्हा मी पोचले. समृद्धीला अंगणाबाहेरच थांबायला सांगितलं.

ओटीवर हार घातलेला भाविकाचा फोटो होता. लग्नाच्या अल्बममधला. दुसरा सापडला नसावा. परेशला कापून टाकलंय, पण त्याचा हात तिच्या खांद्यावर राहून गेलाय. चार बोटं आणि अंगठी. येणारे जाणारे त्याच फोटोला फुलं वाहत होते. मला तिथे उभं राहवेना.

माणसं जेवायला बसल्यावर गुणाबाईंना मागच्या पडवीत घेऊन गेले. स्वतःला बसू दिलं नाही, उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर पुन्हा शांत व्हा म्हणाले असते. सांगितलं की तो माझ्याकडे आला, मी नाव नोंदवलं, फाईल त्याच्या हातात दिली. फॉर्म काढून ठेव म्हणून मला घरच्या माणसाने बजावलं होतं, आणि मी साडी घ्यायला आपट्याला गेले. तुम्ही पत्ता नको म्हणत होतात, मी ऐकलं नाही.

मला वाटलं आता ओरडतील, मारतील. मारावं असंच वाटत होतं. पडवीत वालाच्या शेंगांची टोपली होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हंजे माज्या मागनं नाय आला तो."

मी म्हटलं, नाही. तुमच्या मागून नाही आला.

"गुरवारी माज्या मागं कोन नव्हता."

"कोणी नव्हतं, गुणाबाई."

त्या मटकन खाली बसल्या आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडल्या, असं नंतर त्यांची जाऊ म्हणाली. आवाज ऐकून अनंता आला. गुणाबाईंनी त्याला सगळं सांगितलं, फॉर्मचंही, काही न लपवता. तो माझ्याकडे येईल म्हणून मी तयार होते. तो आला नाही. वाकून त्याने आईला पाणी दिलं आणि ती ते प्यायली.

मी निघाले तेव्हा गुणाबाई मागून म्हणाल्या, "तुमच्या कागदावर तिचा फोटू हाय ना. एकटीचा. तेवढा आनून द्या. मंग येऊ नका."

बुधवार, ५ मार्च

फोटो डिंकाने गच्च चिकटवला होता. ओल्या फडक्याने कडा भिजवत भिजवत तासभर सोडवला. एका कोपऱ्याला निळी शाई लागली होती, माझ्याच पेनाची. ती निघत नाही.

समृद्धी म्हणाली, मोठा करून फ्रेम करून देऊ या. मी नको म्हटलं. तेवढा आणून द्या म्हणाल्या होत्या, तेवढाच द्यायचा. काल दिवसभर दोघी जणींनी मिळून दोन्ही फायलींतले सगळे फॉर्म पाकिटात घातले, ज्याचे त्याला परत पाठवायला. केंद्र बंद केल्याचं कळून लोकांचे फोन येतात, काकू असं अचानक काय? मी कारण सांगते. निम्मे लोक म्हणतात, त्यात तुमची काय चूक? उरलेले लगेच फोन ठेवतात. या फोन ठेवणाऱ्यांशी माझं जास्त जमतं.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी नेऱ्याला गेले. गुरुवार आहे हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. अंगण झाडलेलं होतं. गुणाबाई आत दिसत होत्या, पाटावर बसून भाजी निवडत. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी पायरी चढले नाही.

पूर्वी बाहेर आली. नवा फ्रॉक, मापाला थोडा मोठा. हात पुढे करून म्हणाली, "आजी बोलली, फोटो घे आणि दार लाव."

मी पाकीट दिलं. तिने तिथेच उघडून बघितलं, शाईच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघता आत गेली आणि दाराची कडी लावली.